तीन गावांची एक शिळा

चंद्रपुरात मूल रोडला माझं दुकान होतं, तेव्हा आत येणारा माणूस आधी आवाज हळू करायचा. दगडावर नाव कोरणाऱ्याकडे आलोय म्हणजे घरात कुणीतरी गेलेलं असणार, असा समज. खरं तर माझी निम्मी गिऱ्हाइकं ठणठणीत असायची. कोनशिला, विहाराचं नाव, शाळेचं नाव, घराच्या फाटकावरची पाटी, असंच काम जास्त. उद्घाटनाच्या दगडावर ज्यांचं नाव असतं, ते तर स्वतः येऊन आपलं नाव वरच्या ओळीत आहे ना, हे बघून जायचे. चाळीस वर्षं मी हे केलं. आता बोटांची पेरं सुजतात, हातोडी धरवत नाही, म्हणून लिहायला बसलोय. कागदावर खोडता येतं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

धंदा सांगायला सोपा आहे. दगड घासून आरसा करायचा, त्यावर गेरू फिरवायचा, गेरूवर खडूनं अक्षरं काढायची आणि मग छन्नी चालवायची. हल्ली संगणकावर अक्षर काढतात, रबर चिकटवतात आणि रेतीचा फवारा मारतात. अर्ध्या तासात काम खलास. पण हातानं कोरलेल्या अक्षराच्या तळाशी छन्नीची धार दिसते आणि त्यात ऊन अडकतं. फवाऱ्याच्या अक्षरात ते होत नाही. हे मी दुकान बंद होईपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं आणि बहुतेकांनी फवाराच मारून घेतला.

माझा एक नियम होता. खडूची अक्षरं काढून झाली की गिऱ्हाइकानं बोट ठेवून, मोठ्यानं, सगळं वाचायचं. मगच मी छन्नी उचलणार. हा नियम मला सिरोंचाच्या एका कोळी बांधवानं लावून दिला. त्याला देवळाच्या पायरीवर तेलुगूत मजकूर हवा होता आणि मला तेलुगू ओ की ठो येत नाही. मी त्याच्या कागदावरून चित्र काढावं तशी अक्षरं उतरवली. त्यानं बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला जो हसत सुटला, तो पाणी प्यायल्यावरच थांबला. मी काय लिहिलं होतं ते त्यानं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माजरीचा एक निवृत्त खाणकामगारही आठवतो. नव्या घराच्या पाटीवर त्याला 'मुक्काम' म्हणून जुन्या गावाचं नाव हवं होतं. ते गाव खाणीत गेलेलं, त्या जागी आता खड्डा. मी म्हटलं, भाऊ, पोस्टमन गोंधळेल. तो म्हणाला, ''पोस्टमनसाठी नाई लिहून राह्यलो मी. मले सकाळी फाटक उघडताना वाचाचं हाये.'' मी लिहून दिलं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण या अंकासाठी संपादकांनी 'तुमच्या हातून झालेलं, विसरता न येणारं काम' मागितलं, तेव्हा मला एकच दगड आठवला. तो माझ्या चुकीचा आहे. धानोऱ्याच्या पुढे जंगलात एका तिठ्यावर तो अजून उभा आहे.

दुकान बंद करायच्या चारेक वर्षं आधी मडावी गुरुजी माझ्याकडे आले. आश्रमशाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, स्वतः गोंड, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत तीन वह्या. एकेका वहीत एकेका गावाची हकिगत त्यांनी म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून ऐकून उतरवली होती. तिन्ही गावं त्या तिठ्याच्या तीन बाजूंना. पहिलं तळ्याचं गाव. तिथल्या एका माणसानं जमीनदाराच्या बायकोची डोली वेठीत उचलायला नकार दिला आणि जमीनदाराच्या शिपायांनी त्याला जंगलात गाठून मारलं. दुसरं नदीकाठचं गाव. तिथली माणसं गोऱ्या साहेबाच्या पलटणीशी लढली. तिसरं पहाडावरचं, गुरुजींचं स्वतःचं. तिथं उतारावर राब जाळून पेंदा, म्हणजे फिरती शेती, करायचे, ते जंगल खात्यानं बंद केलं, त्यावरून मारामारी झाली. तीन गावं, तीन वेगळे काळ, तीन वेगळे शत्रू. सगळी मिळून तेवीस नावं. गुरुजींच्या समितीला तिठ्यावर एक मोठी शिळा उभारायची होती आणि तिच्यावर मथळा हवा होता: 'आदिवासी महासंग्रामातील हुतात्मे'.

''तिघांचं एकच नाव?'' मी विचारलं.

''मेस्त्री, जुन्या कागदात याले काय म्हणतात माहीत हाये? दंगा. एका गावचा दंगा, दुसऱ्या गावचा दंगा, जंगलातली चोरी. सुटे सुटे ठेवले तं दंगाच राहीन. एका नावाखाली आणले तं कोणाले तरी मान वर करून वाचा लागन.''

मला ते पटलं. पटणारच. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, तेव्हा माझा बाप पंचवीस वर्षांचा होता. गावानं ठेवलेली सतरा नावं टाकून एक नाव घेतलं की माणसाची पाठ कशी सरळ होते, हे मी बापाच्या चालण्यात पाहिलं आहे. तेव्हा एका नावाचा महिमा मला कुणी शिकवायची गरज नव्हती. मी गुरुजींना म्हटलं, हे काम मी हातानंच करणार, फवारा नाही.

नावं कशी लावायची, ते गुरुजींनी माझ्यावर सोपवलं. इथं मी चुकलो. गावाप्रमाणे लावली असती तर एका रकान्यात एकच नाव आलं असतं, दुसऱ्यात तेरा, तिसऱ्यात नऊ. शिळा एका अंगाला कलल्यासारखी दिसली असती. शिवाय मथळा एक, मग भाग कशाला? मी सगळी नावं एकत्र केली, प्रत्येकापुढे बारीक अक्षरात गाव घातलं आणि बाराखडीच्या क्रमानं लावली. देखणं दिसत होतं. गुरुजींनी दुकानात येऊन बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, एकही काना-मात्रा चुकली नव्हती. आम्ही दोघांनी चहा घेतला आणि मी छन्नी उचलली.

शिळा ट्रॅक्टरवरून नेली. अनावरण दोन दिवसांवर होतं. चबुतऱ्यावर शिळा बसवून मी सांध्यात सिमेंट भरत होतो, तेव्हा एक म्हातारी येऊन उभी राहिली. रैजीबाई तिचं नाव. तळ्याच्या गावची, डोली नाकारणाऱ्या लालसूची पणती. तिला वाचता येत नव्हतं. म्हणाली, ''भाऊ, आमचा लालसू कुठी हाये, दाखव.''

मी तिचा हात धरून नावावर ठेवला. तिनं अक्षरांच्या खोबणीतून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत होती. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

''याच्या वरती कोण हाये?''

''मुरा,'' मी वाचलं. म संपला होता, य आणि र ला कुणी नव्हतं, लगेच ल.

''कुठचा मुरा? नदीकाठचा?''

मी हो म्हटलं. तिनं हात काढून घेतला आणि ती चबुतऱ्यावरच बसली.

मुरा कोण, ते मला तिच्याकडून कळलं. साहेबाच्या पलटणीशी लढून मेलेला मुरा तो हाच. पण त्याआधी तरुणपणी तो जमीनदाराचा शिपाई होता. लालसू जंगलात कुठल्या गुहेत लपलाय, हे जमीनदाराच्या माणसांना त्यानंच दाखवलं. गुरुजींच्या नदीकाठच्या वहीत ही गोष्ट नव्हती आणि तळ्याच्या गावच्या वहीत दाखवणाऱ्याचं नाव नव्हतं. ते नाव त्या गावात उच्चारत नाहीत. रैजीबाईनंही एकदाच उच्चारलं.

मी म्हटलं, ''बाई, शंभर-दीडशे वर्षं झाली. आणि शेवटी दोघंही लढूनच मेले ना?''

''मेले असतीन. मी त्याले वाईट म्हणून राह्यली का? त्याच्या घरचे त्याले पुजतीन. पण आमच्या लालसूले त्याच्या पायाशी काऊन बसवलं?''

मग तिनं दुसरी गोष्ट सांगितली आणि माझ्या हातातली थापी थांबली. गोंडांमध्ये घराणी देवांच्या संख्येवरून ओळखतात. कुणी चार देवांचे, कुणी सात देवांचे. एका संख्येची माणसं एकमेकांची भाऊबंद. लालसू सात देवांचा, मुरा चार देवांचा. माणूस गेला की त्याच्या नावानं उभा दगड रोवतात, आणि तो आपल्याच भाऊबंदांच्या रांगेत. ढोल वाजतो, जेवण होतं आणि तो आपल्या माणसांत जाऊन बसला असं मानतात. लालसूचं प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून त्याचा दगड कधी लागलाच नाही. त्याच्या बापाच्या आणि भावाच्या दगडांमध्ये त्याची जागा तीन पिढ्या मोकळी ठेवली होती. आता लालसूचा दगड येणार, असं समितीनं गावात सांगितलं, तेव्हा तिच्या घरी मोहफुलं आणि तांदूळ बाजूला काढून ठेवले गेले. तिला वाटलं, तिठ्यावरून त्याला घरी न्यायचं. पण गावच्या पुजाऱ्यानं, गायत्यानं सांगितलं होतं की दगड एकदाच लागतो. ढोल वाजून तो चार देवांच्या लोकांत बसला, तर तिथंच राहिला. परवा अनावरणाला समितीचे ढोल वाजणार होते.

''त्याले उचलून दे, भाऊ. ढोल वाजाच्या आधी.''

मी तिला समजावलं की ही पूजेची शिळा नाही, माहितीची आहे. ती म्हणाली, ''दगड तं दगडच हाये ना.'' मी सांगितलं की दगडातून नाव उचलता येत नाही, फार तर खणून काढता येतं आणि तिथं खळगा राहतो. ती म्हणाली, खण.

गुरुजींना निरोप गेला. ते सायकलवरून आले, ऐकून घेतलं, आणि शाळेत पोरांना समजावावं तसं तिला समजावलं. ''बाई, तो झगडा आपल्याआपल्यातला. बाहेरच्याले तो सांगून काय फायदा? बाहेरच्याले आपण एकच हाओत. ते आपल्याले हाकलतीन तं चार देव, सात देव पाहून नाई हाकलणार.''

''मी बाहेरच्याले नाई सांगून राह्यली, गुरुजी. मी लालसूले सांगून राह्यली. तीन पिढ्या त्याले सांगितलं, थांब, नेतो.''

''एक नाव काढलं तं उद्या दुसरे येतीन. मंग शिळेवर राहीन काय?''

ती शिळेला पाठ टेकून बसून राहिली. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा तिथंच होती. सकाळी गेलो तेव्हा तिच्याबरोबर गावच्या सात-आठ बायका होत्या आणि तीन दगडांच्या चुलीवर भात शिजत होता. गुरुजी माझ्या आधीच आले होते, त्यांचे डोळे लाल होते. त्यांच्या पिशवीत तळ्याच्या गावची वही होती. ती काढून त्यांनी माझ्यापुढे धरली.

''काढा, मेस्त्री. पण एक ध्यानात ठेवा. या गावचं एकच नाव हाये. लालसू गेला की डोलीचा लढा शिळेवरून गेला. मंग तो कोणाले दिसणार नाई.''

मी कुणाच्या बाजूचा होतो, ते आजही सांगतो: गुरुजींच्या. पण एक गोष्ट मला डाचत होती. आमच्या घरानं जे एक नाव घेतलं, ते आम्ही स्वतः उभं राहून घेतलं होतं. लालसूला कुणी विचारलं नव्हतं, आणि त्याच्या घरच्यांना मी बोट ठेवून वाचायला लावलं नव्हतं. माझा नियम मी वर्गणी गोळा करणाऱ्या समितीला लावला आणि ज्यांची माणसं होती त्यांना विसरलो. ही चूक मी बाराखडीवर ढकलू शकत नाही.

मी छन्नी लावली. गुरुजी पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. काळ्या दगडातून नाव काढायचं तर अक्षरांच्या तळाच्याही खाली जावं लागतं, चारी बाजूंनी चौकट धरून. कपच्या उडायला लागल्या तशी रैजीबाई पुढं झाली आणि तिनं खाली पदर धरला. माझ्या लक्षात यायला वेळ लागला. ती प्रत्येक कपची वेचत होती. चुरा मोहाच्या पानाच्या द्रोणात भरत होती, एक तुकडा लांब गवतात उडाला तर बायका गुडघ्यावर बसून तो शोधत होत्या. मी विचारलं, हे कशाला?

''हाडं नाई भेटली ना त्याची,'' ती म्हणाली.

दुपारपर्यंत लालसू शिळेवरून उतरला. आयुष्यात मी हजारो नावं कोरली असतील, पण कोरताना रडलो नव्हतो. खोडताना रडलो.

अनावरण ठरल्या वेळी झालं. पाहुण्यांनी खळग्याबद्दल विचारलं नाही. त्यांना घाई होती. पंधरा दिवसांनी तळ्याच्या गावाहून मला बोलावणं आलं. मोकळ्या जागेत खड्डा केला होता. कपच्या आणि चुरा खाली घातला, वर जंगलातून आणलेला ओबडधोबड उभा दगड रोवला, ढोल वाजले. मी गायत्याला म्हटलं, बारीक अक्षरात नाव घालून देतो, माझ्याकडून भेट. तो हसला. ''कोणाले वाचाले? इथी सबले मालूम हाये.'' रैजीबाईनं मला पहिल्या पंगतीला बसवलं. ती स्वतः त्या दगडाशेजारी, माहेरी आल्यासारखी, पाय पसरून बसली होती. त्या दिवशी मला वाटलं, आपण बरोबर केलं.

हे वाटणं दोन वर्षं टिकलं. मग रैजीबाईची नात दुकानात आली. संगीता, गडचिरोलीला कॉलेजात शिकणारी. तिनं आपल्या गावच्या लढ्यावर प्रकल्प लिहिला होता आणि सरांनी तो परत केला होता. पुरावा काय, म्हणून. शिळेवर तुमच्या गावाचं कुणीच नाही. शिळेवरूनच उतरवलेली एक पुस्तिका तोवर शाळाशाळांत गेली होती, तिच्यात दोन गावांचे लढे होते.

''आजीले लालसू भेटला,'' ती म्हणाली, ''मले नाई भेटला. तुमी मले पुसून टाकलं, काका.''

मला गुरुजींचा शब्द आठवला. तो अगदी खरा ठरला होता आणि मला त्याचा फार त्रास झाला. नाव परत कोरायचं तर रैजीबाईचं सगळं मोडणार. न कोरावं तर ही पोर बिनपुरावा राहणार. आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसलो. तिनं लिहून आणलेला मजकूर लांबलचक होता, त्यात शोषण होतं, अस्मिता होती. मी म्हटलं, बाळा, खळगा हातभर लांब आणि चार बोटं उंच आहे, त्यात मावेल तेवढंच बोल. तिनं कागद उलटा केला, विचार केला आणि दोन ओळी लिहिल्या. मी त्या वाचल्या आणि दोघं मिळून गुरुजींकडे गेलो. गुरुजींनी चष्मा पुसून दोनदा वाचलं, म्हणाले, घाला.

या वेळी नियम नीट पाळला. तिठ्यावर रैजीबाईला बोलावलं, गेरूवर खडूनं लिहिलं, आणि तिला वाचता येत नसल्यानं तिचं बोट नातीनं धरून अक्षरांवरून फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं. म्हातारीनं मान हलवली. खोल खळग्यात छन्नी तिरपी धरावी लागते, पेरं तेव्हाच दुखायला लागली होती, तीन दिवस गेले. ते माझं हातानं केलेलं शेवटचं काम. खळग्यात एवढंच आहे:

'इथे तळ्याच्या गावच्या एका माणसाचं नाव होतं.
त्याला त्याच्या घरच्यांनी घरी नेलं.'

त्यानंतर एकदाच त्या बाजूला जाणं झालं. तिठ्यावर एक जीप थांबली होती, बाहेरगावचे दोन-तीन जण शिळेपुढं उभे होते. चबुतऱ्यावर रैजीबाई चारोळीची टोपली घेऊन बसली होती, बाजूला गुरुजी सायकल टेकवून उभे. पाहुण्यांतल्या एकानं मथळ्यावरून, बावीस नावांवरून नजर फिरवली आणि खळग्याशी येऊन तो अडला. दोन्ही ओळी त्यानं वाचल्या. मग म्हातारीकडे वळून विचारलं, ''आजी, हा माणूस कोण होता? आणि घरी नेलं म्हणजे काय?''

गुरुजी सांगायला पुढं झाले. रैजीबाईनं हातानंच त्यांना थांबवलं आणि चबुतऱ्यावर टोपली सरकवून जागा केली.

''बस, बाबू,'' ती म्हणाली. ''डोलीपासून सांगतो.''